रेक्टर मॅडम, एक विचारू?

सकाळी पावणेसहा

सोलरचं गरम पाणी सहा ते आठ एवढंच येतं. ऑगस्टअखेरीस पुण्यात सलग दोन दिवस ऊन पडलं नाही की टाकीचा हीटर लावावा लागतो. तो लावलाय की नाही हे वॉचमनकाकांना फोनवर विचारता येतं, तरी मी जिना चढून वर जाते. बादली घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मुली त्या वेळी जे बोलतात, ते ऑफिसात टेबलापलीकडून बोलत नाहीत.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी पहिल्या वर्षाला गणित शिकवते आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. राहायला आवारातल्या क्वार्टरमध्येच आहे. पहिल्या वर्षाचे वर्ग नुकतेच सुरू झालेत, गौरी-गणपती तोंडावर आलेत, आणि वर्षातले माझे सगळ्यात कामाचे दिवस हेच. या दिवसांत जी मुलगी रुळते ती पुढची चार वर्षं निभावून नेते. जी रुळत नाही ती दिवाळीला घरी जाते आणि परत यायची टाळाटाळ करते. रुळणं म्हणजे काय याबद्दल माझं मत पक्कं आहे. अडलं की जिला विचारता येतं, आणि कुणाला विचारायचं हे जिला ठाऊक असतं, ती रुळली. घरची आठवण येणं वेगळं. ती शेवटच्या वर्षाच्या मुलींनाही येते.

रांगेत सगळे प्रश्न एकाच वाक्याने सुरू होतात, "मॅडम, एक विचारू?" मशीनमध्ये साबणाची पावडर नेमकी कुठल्या कप्प्यात टाकायची? पीएमपीचा विद्यार्थी पास कुठे मिळतो? परभणीची एक मुलगी बादली खाली ठेवून म्हणते, "मॅडम, आई येणार हाय आयतवारी. बस शिवाजीनगरला सोडती म्हणं, तिथून कसं यावं?" मी तिला सांगते की मेट्रोच्या कामापासून शिवाजीनगरचं एसटी स्टँड वाकडेवाडीला हललं आहे, लोक अजून शिवाजीनगरच म्हणतात. आईने उतरल्यावर जागेवरच थांबावं, आणि हिने पाऊण तास आधी निघून तिला घ्यायला जावं. रस्ता मी तिच्या वहीच्या पानावर काढून देते. आठवडाभरापूर्वी स्वतः पुण्यात हरवलेली मुलगी परवा आईला रस्ता दाखवणार आहे. तिच्या रुळण्याला याहून चांगली सुरुवात मला सुचत नाही.

सव्वासात

मेसमध्ये पोहे आणि चहा. नव्या मुलींचा निम्मा त्रास जिभेचा असतो, आणि मी तो हलका मानत नाही. नागपूरकडच्या मुलींना इथलं वरण गोड लागतं. खानदेशच्या मुलींना तिखट पुरत नाही. कोल्हापूरची मुलगी रश्शाकडे बघून गप्प बसते. म्हणून पहिल्या महिन्यात मेसच्या टेबलावर घरून आलेले डबे ठेवायला मी मुद्दाम परवानगी देते. जवसाची चटणी, शेंगदाण्याची, कारळ्याची, ठेचा. डबे एकमेकींकडे सरकतात आणि ओळखी होतात. खोलीत इंडक्शनची शेगडी मात्र चालत नाही. इमारतीचं वायरिंग जुनं आहे, त्यामुळे तिथे माझा नकार कायमचा.

मेस चालवणाऱ्या मावशी मुळशीच्या. त्यांच्याकडे एक लांबट वही आहे, तीत दोन्ही वेळेला जेवणाऱ्या मुलींच्या नावापुढे खूण होते. हिशेबासाठी ठेवलेली ही वही माझ्या दृष्टीने वसतिगृहातला सगळ्यात महत्त्वाचा कागद आहे. वर्गातली गैरहजेरी माझ्यापर्यंत यायला आठवडा जातो, गुण यायला दोन महिने. मुलगी जेवायला आली नाही हे मात्र त्याच रात्री कळतं.

"मॅडम," मावशी चहा ओतता ओतता म्हणतात, "ती तीनशे चारातली पोरगी दोन दिस झालं खाली आली न्हाई. धडगावची."

मी वही उघडते. काल दुपार, काल रात्र, परवा रात्र, तिन्ही चौकोन कोरे. बाहेर जेवली असेल म्हणावं तर गेटच्या रजिस्टरमध्ये तिची बाहेर जायची नोंद नाही. आता लगेच वर जावं असं वाटतं, पण साडेसातला मुलींची धावपळ असते, खोलीत तिघी असतात, आणि दोघींच्या देखत ती काही सांगणार नाही. संध्याकाळचं ठरवते. तोवर तिच्यासमोर राहणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला सांगून ठेवते, हिला आज सोबत घेऊन कॉलेजला जा, आणि वाटेत तिला काही विचारू नकोस.

आठ

दोनशे अकरामधल्या दोघींचं दिव्यावरून भांडण. एकीला पहाटे चारला उठून अभ्यास करायचा असतो, दुसरी रात्री दोनपर्यंत जागते. तिसरी मधल्या मध्ये रडवेली. मी कुणाची बाजू घेत नाही. कागद देते आणि तिघींनी मिळून चार ओळी लिहायला सांगते: मोठा दिवा कधी बंद, टेबललॅम्प कधी चालेल, फोनवर बोलायला कुठे जायचं, पाहुणी आली तर किती वेळ. खाली सह्या. बहुतेकींना आयुष्यात पहिल्यांदाच अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घ्यायची असते. घरी बहिणीशी भांडण झालं की आई निकाल देते. इथे निकाल आपापसांत लावायला शिकायचं असतं, म्हणून तो कागद मी लिहून देत नाही.

सव्वानऊ ते सव्वाअकरा

गणिताचे दोन तास, मधे दहा मिनिटं सुट्टी. विषय मॅट्रिक्सची रँक. वर्गात सत्तरएक मुलं, पैकी बरीच एमएचटी-सीईटीत नव्वदच्या वर पर्सेंटाइल घेऊन आलेली.

फळ्यावर तीन बाय तीनची एक मॅट्रिक्स लिहून मी रँक काढायला सांगते. पहिल्या बाकावरची मुलगी अर्ध्या मिनिटात म्हणते, "दोन." उत्तर बरोबर आहे. तिची वही बघते तर पानावर फक्त एक आकडा आहे, दोन, आणि त्याला गोल. डिटरमिनंट शून्य येतो हे तिने मनातल्या मनात काढलं आणि तिथेच थांबली. मी विचारते, "शून्य आला म्हणजे रँक तीन नाही एवढंच कळलं. ती दोन आहे, एक नाही, हे कशावरून?" ती गप्प. मग आम्ही मिळून दोन बाय दोनचा शून्य नसलेला एक मायनर शोधतो, त्यानंतर तीच मॅट्रिक्स रो ऑपरेशन्स करत एशलॉन रूपात आणतो. कुठल्या ओळीतून कुठली वजा केली हे प्रत्येक पायरीशेजारी लिहायचं, हे मी चार वेळा सांगते.

ही मुलगी हुशार आहे. तिची अडचण मला दर वर्षी दिसते, आणि पालकांना ती समजावून सांगणं फार गरजेचं आहे. सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, प्रत्येकी दोन गुण, चुकलं तरी गुण वजा होत नाहीत, आणि समोर चार पर्याय असतात. दोन वर्षं याच पद्धतीचा सराव झाला की हात पायऱ्या लिहायचं विसरतो. इथे विद्यापीठाच्या पेपरात पर्याय नसतात, मांडणीला गुण असतात. मग पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा पडतात, आणि शाळेपासून पहिल्या तिघांत असलेली मुलगी मान खाली घालून खोलीत बसते. "मी इंजिनिअरिंगला लायकच नाही," असं मला आजवर ज्यांनी सांगितलं त्यांच्यातल्या बहुतेकींचं गणित चांगलं होतं. राहिलं होतं ते लिहिणं, आणि ते तीन-चार आठवड्यांत परत येतं. म्हणून चाचणीच्या आधीच मी वर्गात सांगून टाकते: पहिल्या चाचणीत तुमचे गुण पडतील, ते का पडतील, आणि त्यावर उपाय काय. कारण आधी ठाऊक असलं की सहा गुण पाहून माणूस कोसळत नाही.

तासाच्या शेवटी मागच्या बाकावर चिठ्ठ्यांचा डबा ठेवलेला असतो. नाव लिहायचं नाही, भाषा कुठलीही. सत्तर जणांत उभं राहून इंग्रजीत शंका विचारायचं धाडस पहिल्या महिन्यात चार-पाच जणांकडेच असतं. आजच्या चिठ्ठ्यांत गणिताच्या शंका होत्याच, पण एकीत लिहिलं होतं, "सबमिशन म्हणजे काय? सगळे म्हणतात झालं का." कुठल्या विषयाची फाइल, कुणाची सही, कधीपर्यंत, हे उद्याच्या तासाला पहिली पाच मिनिटं सगळ्यांसाठी सांगणार आहे. हे विचारायची लाज वाटलेली ती एकटीच असेल असं मला वाटत नाही.

पावणेबारा

वसतिगृहाच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या अर्जांची गर्दी. हे काम खरं तर कॉलेजच्या विद्यार्थी विभागाचं. पण तिथे खिडकीतून "डॉक्युमेंट अपलोड करा" एवढंच सांगितलं जातं आणि मुली परत येतात, म्हणून जेवणाच्या सुट्टीआधी तासभर मी एक संगणक मोकळा ठेवते.

जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. त्याचा परिणाम मी डोळ्यांनी बघते आहे. आधी ज्या घरांतून धाकट्या भावाला पाठवायचं ठरायचं, त्या घरांतून मुली येऊ लागल्या आहेत. पण शुल्क माफ झालं तरी मेस माफ नाही, खोलीचं भाडं माफ नाही, आणि अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइनच भरावा लागतो. तिथे कशात काय अडतं हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही.

आज बुलढाण्याकडची एक मुलगी बसली आहे. आधार क्रमांक टाकला, ओटीपी गेला. गेला तो गावाला, वडिलांच्या फोनवर, कारण आधारला नंबर त्यांचा जोडलेला. वडील शेतात. पहिला फोन लागत नाही. दुसऱ्या वेळी लागतो, आवाज तुटतो. "बाबा, मेसेज आला का? सहा आकडे असतील बघा." पलीकडून, "थांब, चष्मा घरी ऱ्हायला." बांधावरचं कुणीतरी पोरगं आकडे वाचून दाखवतं, ही ते टाकते, तोवर वेळ संपलेली असते. पुन्हा ओटीपी. यावेळी पोरगंच फोन धरून बसतं आणि आकडे येताक्षणी ओरडून सांगतं. पान उघडतं.

पुढचा अडथळा बँकेचा. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात पडते. हिने पुण्यात आल्यावर नवं खातं काढलं आणि पैसे त्यातच येणार असं धरून चालली होती. बघितलं तर आधार अजून आठवीत असताना गावात काढलेल्या खात्याशी जोडलेलं आहे, आणि बरीच वर्षं व्यवहार नसल्याने ते खातं बंद पडलेलं. अर्ज मंजूर झाला असता आणि पैसे अडकले असते. आता तिला दोन कामं लावून दिली. उद्या नव्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा, आणि आधार केंद्रात जाऊन मोबाइल नंबर स्वतःचा करून घ्यायचा. तिच्याच वहीत क्रमाने लिहिलं: काय न्यायचं, कुठे जायचं, काय म्हणायचं. "काय म्हणायचं" हेही लिहावं लागतं. अठरा वर्षांची मुलगी बँकेच्या काउंटरवर एकटी कधी उभी राहिलेली नसते, आणि तिथे आवाज फुटला नाही की ती रिकाम्या हाताने परत येते. सोबत कुणाला पाठवू का, विचारलं. ती म्हणाली, "नको, मीच जाते." मी मुद्दाम आणखी आग्रह केला नाही.

दोन

पटकन जेवण. धडगावची मुलगी दुपारीही मेसमध्ये नाही.

अडीच

एआयसीटीईने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आखून दिला आहे. खेळ, कला, मानवी मूल्यांवर चर्चा, मान्यवरांची व्याख्यानं, परिसराची ओळख, असं बरंच काही त्यात येतं. आखणी चांगली आहे. माझा आक्षेप एवढाच की जिथे तो सभागृहात सहाशे मुलं बसवून उरकला जातो तिथे त्याचा उपयोग होत नाही. सहाशेंच्या सभागृहात कुणी काही विचारत नाही. माझ्या वाट्याला वीस मुलामुलींचा गट आहे, आणि आम्ही वर्कशॉपमागच्या चिंचेखाली गोल करून बसतो.

आज रिकाम्या वेळावर बोललो. लातूरला दोन वर्षं क्लाससाठी राहिलेली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तिथं पाच मिनिटं मोकळी नसायची. इथं तीन वाजता सुटतं, आन् मग काय करायचं तेच कळंना." तिच्या बोलण्यावर पाच-सहा जणांनी माना डोलावल्या. अकरावी-बारावीला यांच्यापैकी अनेकांचं कॉलेज कागदावर होतं आणि शिकणं क्लासमध्ये. किती वाजता उठायचं, कधी टेस्ट द्यायची, कधी झोपायचं, हे सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. अशी मुलगी घराबाहेर राहायला नवखी नसते, तरी दिवस कसा लावायचा हे तिला ठाऊक नसतं. मग मोकळी दुपार मोबाइल खाऊन टाकतो आणि रात्री अपराधी वाटून ती तीनपर्यंत जागते.

मी त्यांना वेळापत्रक आखून देत नाही. दुसऱ्याने आखलेलं त्यांनी पुष्कळ पाळलं आहे. मी तीनच गोष्टी मागते: त्याच दिवशी शिकवलेलं त्याच दिवशी तासभर लिहून काढणं, तासभर घामाचं काही, आणि आठवड्यातून एक गोष्ट अशी जिला गुण नाहीत. भित्तिपत्रक, नाटकाचा ग्रुप, ढोलपथक, रोबोटिक्स क्लब, काहीही. गट सापडला की मुलगी टिकते. वर्गमित्र रोल नंबरने मिळालेले असतात, गटातले आपण निवडलेले.

एका मुलाने विचारलं की शेवटच्या फेरीत मैत्रीण दुसऱ्या कॉलेजला गेली, आता मी एकटाच आहे, काय करू? प्रवेशाच्या फेऱ्यांत हे होतंच. दोन आठवड्यांत जीव लागलेला माणूस बेटरमेंट घेऊन निघून जातो. गोलातला सोलापूरचा मुलगा उत्तरला, "माझा रूममेट पण गेला. आजपासून डबा बरोबर खाऊ." मला काही बोलावं लागलं नाही.

सव्वाचार

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींची बैठक. प्रत्येक मोठ्या मुलीकडे दोन नव्या मुली दिल्या आहेत. या तायांना मी कामं नेमून देते, कारण "लक्ष ठेवा" एवढं सांगून काही होत नाही. पहिल्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकात नेऊन जुनी पुस्तकं घेऊन द्यायची. दुसऱ्यात बँक आणि दवाखाना दाखवायचा. तिसऱ्यात त्यांच्याकडून जर्नलची पहिली दोन पानं लिहून घ्यायची, आपलं जर्नल उतरवायला द्यायचं नाही.

आज मात्र वेगळा विषय काढावा लागला. नव्या मुलींना एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर घेतलंय आणि रात्री अकराला "इंट्रो द्यायला" बोलावतात, असं कानावर आलं होतं. बोलावणाऱ्या मुली वाईट नाहीत. त्यांचीही अशीच इंट्रो झाली होती आणि त्यांना ती परंपरा वाटते. मी आवाज चढवला नाही, पण शब्द सौम्यही केले नाहीत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरलं की पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. हिमाचल प्रदेशातल्या वैद्यकीय महाविद्यालयात अमन कचरू हा पहिल्या वर्षाचा विद्यार्थी मार्च २००९ मध्ये सीनियरांच्या मारहाणीने गेला, आणि त्याच वर्षी यूजीसीचे कडक नियम आले. त्या नियमांत नव्या मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवावा असंही आहे. शिक्षेची कलमं सगळ्यांना पाठ असतात, हे कलम कुणी फारसं वाचत नाही. माझ्या मते रॅगिंग थांबवायला याचा उपयोग शिक्षेहून जास्त, कारण रोज विचारणारं माणूस असलं की धाक घालणाऱ्याला जागा उरत नाही.

एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्ही फक्त नाव-गाव विचारतो." मी विचारलं, "रात्री अकराला, उभं करून, सात जणींनी? तेच नाव-गाव उद्या चहाच्या वेळी मेसमध्ये बसून विचारा." ग्रुप तिथेच, माझ्यासमोर बंद केला. उद्या चहाला सगळ्यांची ओळख, आणि आधी सीनियरांनी स्वतःची द्यायची असं ठरलं. हेल्पलाइनचा नंबर, १८०० १८० ५५२२, प्रत्येक मजल्यावर लावलेला आहे. तो रंगवून ठळक करायचं काम याच मुलींनी घेतलं.

पावणेसहा

समुपदेशक मॅडम आठवड्यातून दोनदा येतात, त्यांच्याबरोबर अर्धा तास. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असं त्यांत आहे. आमच्याकडे खोली आधी प्राचार्यांच्या केबिनशेजारी होती आणि तिथे कुणी फिरकत नसे. ग्रंथालयाच्या बाजूला हलवल्यावर मुली येऊ लागल्या, कारण पुस्तक बदलायला चाललेय असं म्हणता येतं.

कुठली मुलगी माझ्याकडे आणि कुठली त्यांच्याकडे, याची रेघ आम्ही आखून घेतली आहे. रडू येतं, घरी जावंसं वाटतं, मन लागत नाही, पण खाते-पिते, मैत्रिणींबरोबर हसते, अशी मुलगी माझ्याकडे. अंघोळ सोडली, दिवसचे दिवस झोपून आहे, जेवत नाही, "मी नसले तर बरं" असं एकदा जरी म्हणाली, तर त्याच दिवशी त्यांच्याकडे, आणि घरी फोन. तिथे धीर देत बसण्यात वेळ घालवायचा नाही. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. धडगावच्या मुलीबद्दल मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी तुम्ही भेटा, रात्री मला कळवा.

सात

तीनशे चार. बाकीच्या दोघी खाली बॅडमिंटनला गेल्यात, तशी वेळ बघूनच गेले. ती खिडकीशी बसली होती. उठून उभी राहिली. मी तिला बसवलं आणि स्वतः खाली चटईवर बसले, कारण उभ्या रेक्टरशी मुली "हो मॅडम" याखेरीज काही बोलत नाहीत.

"काय झालं?" असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर "काही नाही" हेच येतं. मी विचारलं, "आज सकाळपासून काय काय खाल्लंस?"

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "बिस्किटं. आणि घरचे दाणे आहेत."

"मेसमध्ये का नाही?"

तिने टेबलाच्या खणातून मोबाइल काढला आणि एक फोटो दाखवला. मेसच्या दारावर कंत्राटदाराने लावलेली छापील सूचना: अनामत रक्कम ठरल्या तारखेपर्यंत न भरल्यास मेस बंद करण्यात येईल. तारीख परवाची होती. वडिलांनी महिनाअखेर पैसे पाठवतो म्हटलंय. तारीख उलटली म्हणून तिने जेवायला जाणं थांबवलं. तिला कुणी अडवलं नव्हतं. ताट घेऊन उभं राहावं आणि सगळ्यांसमोर "तुमचं बंद" असं कुणी म्हणावं, यापेक्षा दाणे बरे असा तिचा हिशेब. सातपुड्यातल्या पाड्यावरून आश्रमशाळा, तिथून तालुक्याला बारावी, तिथून पुण्यात अभियांत्रिकी. एवढं अंतर स्वतःच्या हिमतीवर काटून आलेली मुलगी एका कागदापुढे उपाशी बसली होती, आणि शेजारच्या खोलीतही कुणाला पत्ता नव्हता.

मी तिला सांगितलं की त्या सूचनेवरून आजवर इथे कुणालाही ताट नाकारलेलं नाही. शिष्यवृत्ती खात्यात पडायला वेळ लागतो हे आम्हाला ठाऊक आहे, त्यासाठी मुदतवाढीचा अर्ज असतो. एका पानाचा. तिथेच बसून तिने तो लिहिला, मी सही केली. सहीनंतर तिने हळूच विचारलं, "मॅडम, एक विचारू? कमवा आणि शिका योजनेत मला काम मिळेल का?" आठवड्याच्या वर्गांना धक्का न लावता ग्रंथालयात संध्याकाळचं काम मिळतं. फॉर्म उद्या देते म्हटलं. पोट भरायची सोय झाल्याबरोबर तिने पुढचा प्रश्न काढला, यावरून मला कळलं की हिला आज समुपदेशनाची गरज नाही. तसं समुपदेशक मॅडमना कळवलं.

मग आम्ही दोघी खाली गेलो. मावशींनी काही विचारलं नाही, भाकरी मात्र तव्यावरची वाढली.

माझ्या कामाला महाराष्ट्रात मोठा वारसा आहे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे अनेक जातीजमातींच्या मुलांसाठी वसतिगृहं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींची मुलं एकत्र राहतील, जेवतील असं बोर्डिंग चालवलं. त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही. मुलाला शिकवायचं तर आधी त्याच्या जेवणाचं बघावं लागतं हे या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. अनामतीवरून ताट थांबेल अशी सूचना त्याच महाराष्ट्रातल्या वसतिगृहाच्या दारावर असू नये. ती मी काढून टाकली.

नऊ

हजेरी. सोबत गणपतीच्या सुट्टीचे गेट पास. कोकणातल्या मुली जाणारच, त्यांना अडवण्यात अर्थ नाही, त्यांची तिकिटं जूनमध्येच काढलेली. जवळच्या मुलींनाही मी जाऊ देते, फक्त दर शनिवारी घरी पळायची सवय लावू नका असं पालकांना सांगते, कारण शनिवार-रविवारीच इथल्या ओळखी घट्ट होतात. गडचिरोली, नंदुरबार, यवतमाळच्या मुली चार दिवसांत जाऊन येऊ शकत नाहीत. त्यांची यादी वेगळी केली. वसतिगृहाचा गणपती त्यांच्या हाती द्यायचा आहे: मूर्ती आणणं, आरास, वर्गणीचा हिशेब, मोदक. ज्या मागे राहतात त्यांच्याकडे काम असलं की मागे राहिल्यासारखं वाटत नाही.

एका वडिलांचा फोन, "मॅडम, पोरगी फोन उचलंना." ती कॅरम खेळत होती. तिला फोन दिला, आणि वडिलांशी ठरवलं की रोज रात्री साडेआठला एकच फोन, दिवसभर नाही.

सव्वादहा

मेस बंद झाल्यावर मावशींबरोबर वही घेऊन बसले. पहिल्या वर्षाची सगळी नावं, गेल्या चार दिवसांचे चौकोन. अनामत न भरलेल्यांची यादी शेजारी ठेवली आणि एकेक नाव ताडून पाहिलं. बहुतेक जणी जेवून गेल्यात. पण आणखी दोघींच्या नावापुढे कालपासून खूण नाही, आणि दोघींची नावं अनामतीच्या यादीत आहेत.

दारावर लावायचा नवा कागद मी हाताने लिहिला: "मेसचे पैसे भरायचे राहिले असतील तरी जेवायला यायचं. मुदतवाढीचा अर्ज रेक्टरकडे मिळेल." मावशींनी तो चिकटवला. न जेवलेल्या त्या दोघींतल्या एकीची खोली दोनशे सात, दुसरीची तीनशे नऊ. तीनशे नऊमध्ये लवकर झोपतात म्हणून आधी तिथे गेले, हातात अर्जाचे दोन कोरे कागद घेऊन. खोलीत दिवा होता.